बुरशी जळून जाईल, तडा जाणार नाही

बोरिवलीच्या एका वाचकांचा प्रश्न: वर्सोव्यातला एक ओळखीचा घर सोडतोय. त्याचं कोळशावर चालणारं, झाकणाचं अठरा इंची सिरॅमिक ग्रिल (म्हणजे जाड मातीचं भांडंच) तो ३५,००० रुपयांना द्यायला तयार आहे. आत राख, तेलकट काजळी आणि पावसाळ्यात बंद राहिल्यामुळे पांढरी बुरशी. बँकेत एफडी १ लाख १० हजारांची, महिन्याचा घरखर्च ५५ हजार. एफडी मोडून घ्यावं का? ग्रिल गच्चीवर ठेवू. महिन्यातून दोनदा बाहेर जेवायला जातो, ते पैसे वाचतील.

आधी घाणीचं बोलू, कारण तुम्ही तिलाच घाबरला आहात. ती फुकटात जाते. राख काढा, जाळी खरवडा, लाकडी कोळसा भरून झडपा उघड्या ठेवा आणि तीनशे अंशांच्या आसपास तासभर तापू द्या. बुरशी आणि चिकटा जळून जातो. साबण मात्र लावू नका, सिरॅमिक तो शोषून घेतं आणि पुढच्या कोंबडीला त्याचा वास येतो. भांडं ओलसर असेल तर पहिला विस्तव अगदी मंद ठेवा. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तडा जातो. आणि तापलेलं झाकण एकदम उघडू नका, बोटभर फट ठेवून थांबा, नाहीतर भडका थेट तोंडावर येतो.

पैसे बुडतात ते तड्यात. माठ घेताना मारतो तशी टिचकी मारून बघा. आतली कोळशाची वाटी बाहेर काढून टॉर्चने तपासा. कडेची फेल्टची पट्टी जळलेली असणारच, ती बदलायची. वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते, तेव्हा तडा दिसला की सरळ घरी या.

आता हिशोब. सत्तर किलोच्या वरचा ऐवज, म्हणजे टेम्पो आणि दोन हमाल, धरा ३,०००. पट्टी आणि नवी जाळी ४,०००. झाले ४२,०००. हॉटेलचे २,५०० वाचले तरी कोंबडी-कोळशाला ९०० जातील, म्हणजे खेपेला वाचतात १,६००. जून ते सप्टेंबर गच्ची पावसाची. उरल्या वर्षाला सोळा खेपा, २५,६०० रुपये. पैसे वसूल व्हायला वीस महिने, तेही एकही खेप न चुकता. (तुमच्या घरी इतकी शिस्त असेल तर मला कळवा, मी जेवायला येतो.)

एफडीला हात लावू नका. ती जेमतेम दोन महिन्यांची पुंजी आहे, खरं तर सहा महिन्यांची हवी. बोनस आला की त्यातून घ्या, आणि बुरशीचा फोटो दाखवून पंचवीसवर आणा. घर सोडणाऱ्याला हे धूड हलवायचंच असतं, तो खाली येईल. नुसतं वांग्याचं भरीत आणि पापलेट भाजायचं असेल, तर लोखंडी शेगडी पुरते, असं माझं मत.

एक राहिलं. गच्ची सोसायटीची आहे, तुमची नाही. कमिटीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. बंद केलेल्या बाल्कनीत तर पेटवूच नका, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.