धागे दिसले, तरी जनुक गप्प का?

प्रश्न : टोमॅटोच्या रोपांना ‘रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस’ या मायकोरायझा (मुळांत राहून झाडाशी सहजीवन करणाऱ्या) बुरशीचे बीजाणू दिले. सहा आठवड्यांनी मुळांतलं पीटी४ हे जनुक किती व्यक्त होतंय ते क्यूपीसीआरने (जनुकाच्या आरएनए-प्रती मोजणाऱ्या चाचणीने) मोजलं. काही रोपांत आकडा भरपूर, काहींत जवळपास शून्य. पण त्या शून्यवाल्या मुळांतही बुरशीचे धागे दिसतात. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुधा चुकत काहीच नाही, फक्त धागे मोजून भागत नाही. पीटी४ हे फॉस्फेट आत घेणारं वाहक प्रथिन. ते बसतं आर्बस्क्युलभोवतीच्या पटलात, म्हणजे सालीच्या आतल्या पेशीत बुरशीला जी झुडपासारखी फांदी फुटते तिच्याभोवती. धागे मुळावर किंवा पेशींच्या फटीत असतील, तर हे जनुक जागं व्हायला कारणच नाही. म्हणून धागे, आर्बस्क्युल आणि व्हेसिकल (बुरशीच्या साठवणीच्या पिशव्या) यांची टक्केवारी वेगवेगळी काढा.

रंगवताना मुळांचे एक सेंटिमीटरचे तुकडे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळा, पाण्याने नीट धुवा, मग ५ टक्के काळी शाई घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ३ मिनिटं उकळा. जादा रंग काढायला व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकलेल्या पाण्यात ठेवा. पहिल्या पायरीला घाई नको आणि अतिरेकही नको. कोवळी मुळं जास्त उकळली की साल सुटून वाहून जाते, आणि आर्बस्क्युल नेमकी सालीतच असतात.

आर्बस्क्युल खरोखरच नसतील, तर आधी खताचं द्रावण तपासा. पूर्ण ताकदीच्या होगलंड या नेहमीच्या पोषक द्रावणात फॉस्फेट सुमारे १ मिलिमोलर असतं. एवढं मिळालं की मुळं स्ट्रायगोलॅक्टोन (बुरशीला बोलावणारं संप्रेरक) कमी सोडतात, फॉस्फेटची पातळी ओळखणारी एसपीएक्स प्रथिनं जनुकं चालू करणाऱ्या पीएचआर नियंत्रकांना धरून ठेवतात आणि सहजीवनाची जनुकं दबलेलीच राहतात. फॉस्फेट २० ते १०० मायक्रोमोलरवर आणा, आणि त्यासोबत कमी झालेलं पोटॅशियम पोटॅशियम क्लोराइडने भरून काढा.

आणखी एक शक्यता वयाची. एक आर्बस्क्युल जेमतेम काही दिवस टिकतं, मग पेशी ते मोडून टाकते. जुन्या भागात व्हेसिकल दिसतील, पीटी४ दिसणार नाही. शिवाय संसर्ग मुळभर सारखा नसतो. एका कोपऱ्यातून आरएनए आणि दुसऱ्यातून स्लाइड घेतली, तर दोन्ही आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. तुकडे आलटून-पालटून वाटा. आरएनएचा वाटा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका.

संदर्भ-जनुकाकडेही, म्हणजे ज्याच्या तुलनेत पीटी४चा आकडा काढता त्या जनुकाकडेही बघा. ईएफ१-अल्फा वनस्पती आणि बुरशी दोघांतही बरंचसं सारखं असतं, आणि संसर्ग झालेल्या मुळाच्या आरएनएत बुरशीचा आरएनए आलाच. प्राइमर (मोजायचं जनुक हेरणारा डीएनएचा छोटा तुकडा) निव्वळ बुरशीच्या सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएवर) चालवून पाहा. तिथे पट्टा उमटला तर तो प्राइमर बाद. बुरशीचं ईएफ जनुक मात्र वेगळ्या प्राइमरने जरूर मोजा. ते वर आणि पीटी४ खाली असेल, तर बुरशी आहे पण आर्बस्क्युलपर्यंत पोचलेली नाही.

प्रश्न : तुलनेसाठी बुरशी न दिलेली रोपं पुरेत ना?

उत्तर : पुरत नाहीत. बुरशीमुळे रोपाला फॉस्फेट मिळतं, रोप वाढतं, आणि नुसत्या त्या बदलानेही शेकडो जनुकं हलतात. थेट मातीतून फॉस्फेट घेणाऱ्या वाहकांची जनुकं उतरली, तर तो बुरशीचा इशारा की भरलेलं पोट, हे कळणार नाही. एक गट ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने मारलेल्या) बीजाणूंचा ठेवा. त्यात मूळ बीजाणू-मिश्रणाचा बारीक गाळणीतून गाळलेला द्रव घाला, म्हणजे सोबतचे जिवाणू दोन्हीकडे राहतील. दुसरा गट बुरशीविना पण वरून फॉस्फेट देऊन आकाराने जुळवलेला. उत्परिवर्तित रोपं हाताशी असतील, तर सीसीएएमके किंवा आरएएम१ ही सहजीवनाला लागणारी जनुकं निकामी असलेली रोपं हा सगळ्यांत कडक पुरावा.

प्रश्न : मोहरीवर हाच प्रयोग चालेल?

उत्तर : नाही. मोहरी-कोबीच्या कुळाने हे सहजीवन सोडलंय. अरॅबिडॉप्सिसच्या जीनोममध्ये सीसीएएमके, सायक्लॉप्स, आरएएम१, एसटीआर ही जनुकं सापडतच नाहीत. शेवटचं तर बुरशीला चरबी पोचवण्याच्या कामात लागतं, आणि बुरशी स्वतः मेदाम्लं शून्यापासून तयार करू शकत नाही. त्यामुळे प्राइमर बनवण्यासाठी जनुकं शोधताना अरॅबिडॉप्सिसऐवजी मेडिकॅगो (एक शेंगवर्गीय वनस्पती) किंवा भाताची डीएनए-क्रमवारी वापरा.