‘आणी’ खपेल, ‘केल’ खटकेल

प्रश्न असा आहे: मोबाईलवर गप्पांच्या ओघात लिहिताना शुद्धलेखन आणि व्याकरण पाळायलाच हवं का? समोरच्याला अर्थ कळला म्हणजे पुरे नाही का? ‘आणी’ असं लिहिलं की लगेच चार जण टोकतात, ते कितपत योग्य?

त्या चार जणांनी गप्प बसावं, असं माझं मत आहे. पण ‘अर्थ कळला म्हणजे झालं’ हेही पूर्ण खरं नाही. मराठीतल्या काही चुका वाचणाऱ्याचा कान आपोआप दुरुस्त करतो आणि काही त्याला दुरुस्त करता येतच नाहीत. टोकाटोकी होते ती बहुतेक पहिल्या प्रकारच्या चुकांवरून, नुकसान मात्र दुसऱ्या प्रकारच्या चुकांनी होतं.

ऱ्हस्व-दीर्घ हा पहिला प्रकार. मराठी बोलताना इकार-उकाराची लांबी बहुधा शब्दातल्या त्याच्या जागेवरून ठरते. शेवटचा इकार आपण लांबवतोच, म्हणून ‘आणि’ हा शब्द आपण उच्चारतो ‘आणी’सारखाच. तो ऱ्हस्व लिहायचा ही नियमातली नोंद आहे: मराठी शब्दांतले शेवटचे इकार-उकार दीर्घ, ‘आणि’ व ‘नि’ एवढे दोन अपवाद. ‘विहिर’ लिहिलं तरी वाचणारा ‘विहीर’च वाचतो. शाळेत पिक-पीक, शिर-शीर अशा जोड्या पाठ करून घेतात, पण पीकविम्याच्या चर्चेत कोकिळेला ‘पिक’ म्हणणारा कोणी येत नाही. ‘महाराष्ट्र दीनाच्या शुभेच्छा’ मात्र टाळाच. तिथे दीन म्हणजे गरीब, आणि हा शब्द नेमका मोठ्या अक्षरात फिरतो.

आता टिंबाकडे येऊ. ‘केलं’, ‘बरं’, ‘माझं’ यांतला अनुस्वार प्रमाण बोलीत नाकात उच्चारला जात नाही, म्हणून तो अनेकांना शोभेचा वाटतो. त्याचं काम वेगळं आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही, ‘घर’ हे ‘घर्’ असंच म्हणतो. ‘घरं’मधलं टिंब सांगतं की इथे तो ‘अ’ पूर्ण म्हणायचा, थोडा लांबवायचा. म्हणजे टिंब गाळलं की एक अख्खा स्वर जातो. ‘मी काम केल’ हे मोठ्यानं वाचून पाहा, कान लगेच अडतो.

त्याहून वाईट म्हणजे संख्या बदलते. ‘उद्या दुकान बंद’ या निरोपात एक दुकान बंद की बाजारपेठ? ‘दुकानं बंद’ लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. ‘येताना मुलाचे फोटो आणा’ असा निरोप गेला, तर दोन मुलांचे आईवडील एकाचेच फोटो घेऊन येतील. ‘मुलांचे’मधलं टिंब ही इथे सगळी माहिती आहे.

टिंब कुठे द्यायचं याची सोपी कसोटी अशी: तोच शब्द पुस्तकी भाषेत म्हणून पाहा. तिथे शेवटी ‘ए’ येत असेल आणि बोलताना त्याचा ‘अ’ होत असेल, तर टिंब द्या. केले-केलं, बरे-बरं, त्याने-त्यानं, दुकाने-दुकानं, मते-मतं. पुल्लिंगी अनेकवचनाला हे लागू नाही, कारण तिथे बोलतानाही ‘ए’च राहतो: आंबे आले, ते गेले. हीच कसोटी ‘लोकं’ या फार पसरलेल्या रूपालाही लावा. ‘लोके आली’ असं कोणी म्हणत नाही. लोक हा शब्द पुल्लिंगी, ‘लोक आले’ एवढंच पुरे.

वडीलधारी मंडळी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ लिहितात, त्यांना चुकीचं ठरवू नका. 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे हे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी तेच बरोबर होतं. फक्त वाचताना लक्षात ठेवा की जुन्या ‘घरांत’चा अर्थ एका घरात असाही असतो, आजच्या ‘घरांत’चा अनेक घरांत.

दुसरी खरी अडचण ‘दुसर्या’, ‘सार्या’ या लेखनाची. इथे उच्चारच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, यावर सत्कार होणार की स्वयंपाक हे ठरतं. दोष बहुतेक वेळा कळफलकाचा असतो, कारण र, पाय मोडणं आणि य टंकलं की रफारच उमटतो. त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे. संगणकाच्या इनस्क्रिप्ट या कळफलकात ते शिफ्ट आणि जे दाबून मिळतं. मोबाईलच्या बऱ्याच कळफलकांत ‘र’ दाबून धरला की दिसतं. मग पाय मोडा आणि ‘य’ द्या.

रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांनी ल-ळ आणि न-ण पाठवण्याआधी तपासावेत. काल-काळ, वेल-वेळ, मला-मळा हे निरनिराळे शब्द आहेत आणि सुचवणीच्या पट्टीत भलताच पुढे आलेला असतो. हीच पट्टी प्रत्येक शब्दानंतर जागा सोडते, त्यामुळे ‘घरा मध्ये’, ‘त्या मुळे’ असे तुकडे पडतात. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं. ‘वडिलांच्या साठी’ असं तोडलं, तर वाचणाऱ्याला वडिलांचा साठावा वाढदिवस आठवेल.

ऱ्हस्व-दीर्घ खरोखर नडतं ते शोधताना. माणूस ‘हूमणी’ वाचून हुमणी ही कीड समजतो, फोनमधला साधा शोध समजत नाही, तो अक्षराला अक्षर जुळवतो. उसाच्या हुमणीवर तुम्ही दिलेला उत्तम उपाय दोन महिन्यांनी कोणाला सापडणारच नाही. म्हणून किडीचं, रोगाचं, औषधाचं, गावाचं नाव आणि विषयाची ओळ तेवढी तपासून लिहा, बाकी मजकुरात सैल राहिलात तरी चालेल. एक नियम मात्र खूप चुका वाचवतो: मराठी शब्दात शेवटच्या ‘अ’च्या आधीचा इकार-उकार दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. मूग-मुगाला, फूल-फुलाला, वकील-वकिलाला, विहीर-विहिरीत. गुण, विष, मंदिर, रसिक हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद.

टोकायचंच असेल, तर आधी मुद्द्याचं उत्तर द्या आणि त्यात तो शब्द बरोबर लिहा. बहुतेकांना तेवढं पुरतं. अर्थच डळमळत असेल, तर ‘एका मुलाचे की दोघांचे?’ असं सरळ विचारा.

बोलीला मात्र हात लावू नका. कोल्हापूरकडची बाई ‘मी जातो’ म्हणते, नागपूरचा माणूस ‘काय करून राहिला?’ विचारतो. ही त्यांची पक्की व्याकरणं आहेत, चुका नव्हेत. ‘पानी’, ‘कोन’ लिहिणाऱ्यानं तसंच उच्चारलेलं असतं. बोलीत लिहिणाऱ्यांनीही टिंब सांभाळावं, कारण तिथे ते अनेकदा खरोखर ऐकू येतं. मालवणीतल्या ‘खंय’चा अनुस्वार नाकातलाच आहे, तो गाळून ‘खय’ लिहिलं तर मालवणी माणसाच्या कानाला ते अर्धवट लागतं.