जतकडची माळरान जमीन तुकडे करून विकावी की एकगठ्ठा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: जत तालुक्यात वडिलोपार्जित अकरा एकर, निम्मी मुरमाड. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी येणार म्हटल्यापासून तासगाव-विट्याकडची माणसं विचारायला लागलीत आणि एजंट म्हणतोय दोन-दोन गुंठे पाडा, सोनं होईल. संख भागात आमची नऊ एकर अशीच होती. त्यातली सात आम्ही चार जणांना विकली, दोन राखली. त्यावरून सांगतो, तुकडे जरूर करा, पण मोठे करा. आणि पहिला इसार घ्यायच्या आधी रस्ता काढून ठेवा.

एजंटाचं दोन गुंठ्यांचं गणित सोडून द्या. शेतजमिनीला 1947 चा तुकडेबंदी कायदा लागतो. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे जिरायतीला किमान 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे धरतात. मग एजंट दुसरी वाट दाखवतो: वीस गुंठ्यांची एकच खरेदी दहा नावांवर सामाईक करायची आणि जागेवर फक्की मारून, म्हणजे चुन्याच्या रेघा ओढून, वाटून द्यायचं. कागदावर दहाही जण अख्ख्या वीस गुंठ्यांत भागीदार, कुणाचा कोपरा कुठला ते कुठेच लिहिलेलं नाही. भांडण लागलं की येणार तुमच्याच दारात, कारण फक्की तुम्ही मारलेली. एजंट तोवर कमिशन घेऊन दुसऱ्या गावात.

घेणारे आमच्याकडे तीन तऱ्हेचे आले. एक पुण्यातले नोकरीवाले, गाडीतून न उतरता फोटो काढणारे. दुसरे खानापूर-विट्याकडचे गलाईवाले. परमुलखात सोन्या-चांदीच्या भट्टीवर जन्म घालवून आता गावाकडं बागायत करायची हौस असलेले. तिसरा तासगावचा द्राक्षवाला. त्यानं दर विचारलाच नाही. टिकाव मागून तीन ठिकाणी गुडघाभर खड्डे काढले, मुरूम हातात चुरगाळला, बोअरचं पाणी चाखून थुंकला आणि म्हणाला, ‘क्षार हाय, पण चालंल.’ दर त्यानं सगळ्यांत पाडून मागितला, व्यवहार मात्र त्याचाच सगळ्यांत सरळ झाला. कुणीही असो, बयाणा घ्यायच्या आधी त्याचा स्वतःचा सातबारा मागा. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. ‘शेतकरी असल्याचा दाखला काढतोय’ म्हणणाऱ्याला दाखला आल्यावर या म्हणावं.

आता तुमचा सातबारा. भोगवटादार वर्ग 1 (विकायला मोकळी) आहे की 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी), ते आधी बघा. नंतर इतर हक्काचा रकाना नीट वाचा. योजनेच्या लाभक्षेत्रात काही गटांवर पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा असतो. असेल तर तो उठल्याशिवाय पुढं जाऊ नका. जमीन कुळकायद्यानं आजोबांना मिळालेली असेल तर कलम 43 ची, परवानगीशिवाय न विकण्याची अट असेल, पण खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारात भरून ती निघते. आकार म्हणजे शेतसारा. ही रक्कम किरकोळ असते, तिला घाबरू नका. आणि बहिणी, आत्या. आमच्या दोन आत्यांची नावं सातबाऱ्यावर होती आणि धाकटी दिलेली अथणीकडं. फोनवर ‘मला काही नको रे’ म्हणाली, सही द्यायला मात्र पाच महिने लावले. चूक आमची होती, तिला आधी विचारलंच नव्हतं. शेवटी वडील स्वतः गेले, दोन दिवस राहिले, तिचा वाटा ठरला आणि ती दुय्यम निबंधकाकडं हसत आली.

रस्त्याचं मात्र आम्ही हातानं वाटोळं केलं. डांबरी सडकेपासून मागच्या तुकड्यापर्यंत बारा फूट ठेवायचे असं तोंडी ठरलं. पहिल्या खरेदीखतात चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी लिहितात तिथं, ‘पूर्वेस सामाईक रस्ता’ असं लिहिलं, दुसऱ्यात लिहायचं राहिलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वर्षभरानं दुसऱ्यानं तारेचं कुंपण घातलं ते सरळ रस्त्यात सहा फूट आत. मागच्याची बाग छाटणीला आलेली आणि त्याचा ट्रॅक्टर औषध फवारायच्या ब्लोअरसकट तारेपाशी उभा. दोन बैठका झाल्या, तहसीलला अर्ज गेला. अखेर माझ्या राखलेल्या दोन एकरांतून सहा फूट सोडून मी मिटवलं. फुकट. तेव्हा रस्ता पंधरा फुटांचा धरा, तेवढं क्षेत्र विक्रीतून वजा करा, मोजणीच्या नकाशात दाखवा आणि प्रत्येक खरेदीखतात शब्द न् शब्द सारखा लिहा. क्षेत्र कमी झालं म्हणून वडील कुरकुरतील. पण रस्ता नसलेल्या मागच्या तुकड्याला आम्हाला पुढच्याच्या निम्म्यानं दर सांगत होते, हे त्यांना सांगा.

विहिरीचंही तसंच. हिस्सा द्यायचा असेल तर आठवड्यातले कुठले वार, मोटार कुणाची, वीजबिल कसं वाटायचं, पाइपलाइन कुठल्या बांधानं जाणार, हे सगळं लिहा. ‘समजुतीनं घेऊ’ हे उन्हाळ्यात चालत नाही. आणि कॅनॉल येणार म्हणून पाण्याचा शब्द कुणाला देऊ नका. म्हैसाळ योजना मिरज तालुक्यातून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपानं वर चढवते. ते तुमच्या गटात कधी उतरेल हे तुमच्या हातात नाही. जे आहे तेवढंच दाखवा.

पैसे बँकेतूनच घ्या. अर्धे रोख म्हणणारा पुढं खरेदीच्या दिवशी खोड्या काढतो, हा माझा अनुभव.

एकगठ्ठा विकलं तर कटकट एकदाच होते, हे खरं. अकरा एकर एकदम उचलणारा मात्र दर पाडतो आणि तुमच्याकडं काहीच उरत नाही. मी असतो तर दोन-दोन, अडीच-अडीच एकरांचे तुकडे पाडले असते आणि विहिरीलगतची दोन एकर स्वतःकडं ठेवली असती. भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज आत्ताच टाका. रान मोकळं असताना मोजणी झाली तर बरं, बाजरी उभी राहिली की धड काही दिसत नाही. त्या दिवशी चारही बांधांच्या शेजाऱ्यांना चहाला बोलवा, दगड त्यांच्यासमोर रोवा आणि दगडाशेजारी त्यांना उभं करून फोटो काढून ठेवा.