वाचकांचे प्रश्न : आक्षीचा किनारा, पाखरं आणि तिथीची पाऊणपट

प्रश्न : आम्ही चौघं मित्र दारव्हा तालुक्यातले. गावच्या तलावावर पाखरं बघायची सवय आहे. सोयाबीन निघालं की अलिबागजवळच्या आक्षीला जायचा बेत आहे. आमच्यातला एक जण मागच्या वर्षी तिथं पहाटेच जाऊन उभा राहिला, तर पाणी पार आत गेलेलं आणि पक्षी नुसते ठिपके. नेमकं कधी जावं?

उत्तर : तलावावर उजाडायचं पाहून जातात, किनाऱ्यावर पाणी पाहून. ओहोटीला चिखल्या, तुतारी ही मंडळी पाण्याच्या कडेनं ओल्या वाळूतले किडे-शिंपले टिपत दूरवर पांगतात. भरती चढू लागली की त्यांची जागा आक्रसते आणि थवे आपोआप तुमच्याकडे सरकतात. म्हणून भरती पुरी होण्याआधीचे दोन-अडीच तास खरे कामाचे.

वेळ काढायला घरचं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. शुद्ध असो वा वद्य. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास मागंपुढं धरा आणि निघण्याआधी भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

आता उजेड. कोकणचा समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं आणि पक्ष्याची नुसती काळी आकृती दिसते. सकाळी सूर्य पाठीशी असतो. सकाळची भरती हवी, तर द्वादशी ते चतुर्दशी धरा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वाळूचा पट्टाच बुडतो, पक्षी दुसरीकडे उठून जातात.

वसुबारस-धनतेरसलाही हेच गणित जुळतं, पण तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा नसते. आमच्या मते कार्तिकी एकादशीचा मुहूर्त उत्तम. दशमीच्या संध्याकाळी बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरा, सकाळी मुंबई. गेटवेहून लाँचनं मांडवा, तिथून बसनं अलिबाग. आक्षी पुढं पाच-सहा किलोमीटर. द्वादशीला उजाडताच आणि त्रयोदशीला सव्वासातपर्यंत वाळूवर हजर राहा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे भाद्रपदात गणपतीच्या दिवसांतच लक्ष ठेवावं लागेल.

एक कळकळीची विनंती. पुऱ्या भरतीला थवे कोरड्या वाळूवर एका पायावर विसावतात. फोटोसाठी त्यांना उठवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाची ती विश्रांती असते. एखादाही पक्षी मान उंच करून पाहू लागला, की तिथंच थांबा.

प्रश्न : बारकी पाखरं सगळी सारखीच राखाडी दिसतात. ओळखायची कशी?

उत्तर : हिवाळ्यात त्यांचा विणीचा रंग उतरलेला असतो, म्हणून रंगाच्या मागं लागू नका. आधी आकार टिटवीशी ताडा, मग चोच, पाय आणि चाल बघा.

चार पावलं धावून थबकणारा, आखूड चोचीचा तो चिखल्या. मानेमागं पांढरी पट्टी आणि पाय काळपट असले तर केंटिश प्लोव्हर. पट्टी नसली तर सँड प्लोव्हर. गावच्या तलावाकाठी दिसणारा छोटा चिखल्या वेगळा, त्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. ओसरत्या लाटेमागं धावणारा आणि लाट आली की पळत सुटणारा पांढुरका पक्षी सँडरलिंग. कोंबडीएवढा, लांब बाकदार चोचीचा असेल तर डोकं नीट बघा: माथ्यावर गडद पट्टे आणि चोच त्या मानानं आखूड असली तर व्हिंब्रेल, नाहीतर कर्ल्यू.

प्रश्न : दुर्बीण १०×५० घ्यावी का? (साकोलीहून)

उत्तर : ८×४२ घ्या. दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट होतो, आणि किनाऱ्यावर वारा असतोच. ५० मिलिमीटरच्या भिंगाचं वजन तासाभरात मानेला कळतं. लांबच्या थव्यासाठी मित्रांत मिळून एक स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) आणि तिवई पुरते.

बिघाड होतो तो खारट तुषारांनी आणि वाळूनं. भिंग कोरडं पुसलं की वाळूच्या कणांनी ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्यानं वाळू उडवा, मग मऊ फडकं गोड्या पाण्यात किंचित ओलं करून मीठ टिपा, शेवटी कोरडं करा. घरी आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. ओल राहिली तर भिंगाला आतून बुरशी धरते.