सनस्क्रीनची अ‍ॅलर्जी तपासताना
नुसत्या पॅच टेस्टवर (संशयित द्रव्यं पट्टीखाली त्वचेला लावून बघणं) थांबू नकोस. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीनसारखी सनस्क्रीनमधली ऊन अडवणारी द्रव्यं बऱ्याचदा ऊन लागल्यावरच त्रास देतात, म्हणून पाठीवर प्रत्येकाचे दोन संच लाव. पट्ट्या काढल्यावर एका संचावर यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) दे, सहसा ५ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. दुसरा नीट झाकून ठेव. प्रकाश दिल्यावर ४८ तासांनी बघ. फक्त उजेडाच्या बाजूला लाली आणि पुरळ असेल तर फोटोअ‍ॅलर्जी, म्हणजे द्रव्यावर ऊन पडल्यावरच होणारी अ‍ॅलर्जी. दोन्हीकडे सारखंच असेल तर साधी संपर्क-अ‍ॅलर्जी. कडा रेखीव, खाज कमी आणि पुढच्या तपासणीला डाग फिकट? मग ती बहुधा नुसती जळजळ, अ‍ॅलर्जीचा शिक्का मारायची घाई नको. आणि हो, गुडघ्याला केटोप्रोफेन या वेदनाशामकाचं जेल चोळता का, हे विचारच. त्याची फोटोअ‍ॅलर्जी असलेल्यांना ऑक्टोक्रिलीनही अनेकदा सोसत नाही, पण पेशंट जेलला औषधात धरतच नाहीत.