तुझी बोटीवरची गोष्ट वाचली

उशिरा उत्तर देतेय, सॉरी, पण दोनदा वाचली म्हणून वेळ गेला. आवडली गं. फक्त तीन पानं नुसता पाऊस आणि खवळलेला समुद्र आणि मढं सापडतं चौथ्या पानावर, तोवर वाचणारा मोबाईलमध्ये दुसरीकडे कुठेतरी पोचलेला असतो. आणि मेलमध्ये वर लिहिलंयस, ‘पल्पच तर आहे, चालून जाईल’. तिथे माझं डोकं फिरलं.

पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्याचा स्वस्तातला कागद, बाकी काही नाही. १८९६ मध्ये अमेरिकेत ‘अर्गोसी’ मासिक त्या कागदावर नुसत्या गोष्टी छापायला लागलं, मग डिटेक्टिव्हचं वेगळं, काऊबॉयचं वेगळं, भुताखेतांचं वेगळं असं पेवच फुटलं. लेखकाला पैसे शब्दावर, बऱ्याचदा शब्दाला एक सेंट. साहजिकच पाणी घालणारे ढिगाने होते, त्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत.

पण रेमंड चँडलरचं बघ, पुढे डिटेक्टिव्ह गोष्टींसाठी गाजला तो. १९३२ मध्ये तेल कंपनीतली नोकरी गेली, वय ४४, दारू पिऊन दांड्या मारायचा हेही एक कारण. मग हा बाबा गोष्टी लिहायला बसला, आणि कसा, तर अर्ल स्टॅन्ले गार्डनर या दुसऱ्या पल्प लेखकाची एक लांबलचक गोष्ट घेतली, तिचा बारीक सारांश काढला, मूळ गोष्ट बाजूला ठेवली आणि नुसत्या सारांशावरून आख्खी गोष्ट स्वतः लिहून काढली. मग दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की आपलं कुठे फसलं. पुन्हा लिहिली. त्याची स्वतःची पहिली गोष्ट १९३३ मध्ये ‘ब्लॅक मास्क’ या पल्प मासिकात आली, अठराएक हजार शब्द, पाच महिने घासलेली, मिळाले १८० डॉलर. आता सांग, चालून जाईल?

हे तू पण करायचंस. कंटाळा येतो, मला माहितेय, मी तरुणपणी एका गोष्टीवर केलं होतं आणि अर्ध्यात सोडलं होतं, पण तेवढ्यातही एक कळलं की मी माणसाला खोलीत आणायलाच एक पान खाते.

समुद्र आणि भीती एकत्र हवी असेल तर विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाची गोष्ट वाच, ‘द व्हॉइस इन द नाइट’, १९०७ ची आहे. हा पोरवयातच बोटीवर कामाला लागलेला, त्यामुळे समुद्राचं कौतुक सांगत बसत नाही. वारा पडलाय, जहाज जागच्या जागी, काळोख, आणि पाण्यातून एक आवाज येतो. वल्ह्याच्या होडीतला माणूस खायला मागतोय. या की जवळ, म्हटलं तर येत नाही, कंदील दाखवला की मागे सरकतो. बास. तो उजेडाला का घाबरतो एवढ्या एकाच प्रश्नावर आख्खी गोष्ट ओढून नेलीय आणि तो डोळ्यांना दिसतो पहाट फुटताना, होडी लांब जात असताना, तोही अर्धवट. तुझं मढं मात्र सापडल्या सापडल्या जखमांसकट, कपड्यांच्या रंगासकट सगळं दिसतं, मग मी पुढे कशाला वाचू?

वेस्टर्नचं, म्हणजे काऊबॉयच्या गोष्टींचं, विचारलंयस की अमेरिका न बघता लिहू का. अगं, मॅक्स ब्रँड या नावाने ढीगभर वेस्टर्न लिहिणारा फ्रेडरिक फाउस्ट कितीतरी वर्षं इटलीत फ्लॉरेन्सला राहून लिहायचा, आणि त्याला खरं तर कवी व्हायचं होतं! तेव्हा लिही. फक्त त्या जुन्या गोष्टींमधले रेड इंडियन, चिनी, काळे लोक ज्या घाणेरड्या पद्धतीने रंगवलेत ते तसंच्या तसं उचलू नकोस, नकळत हातात येतं ते.

आणि आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, लोक सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणून रात्रीत संपवायचे. त्यातली एखादी मिळाली तर सारांशाचा प्रयोग तिच्यावर कर, मराठीतली आहे म्हणजे वाक्यांचंही कळेल.

तर आता पहिली तीन पानं काढून टाक, खलाशाचा गळ कशाततरी अडकतो तिथून सुरू कर. मढ्याचा फक्त हात दिसू दे. तेवढंच पान पाठव मला रविवारपर्यंत, पुढचं नको.