पुण्यात बसून नाशिकला पाथर्डी फाट्याकडचा 35 लाखांचा टू बीएचके फ्लॅट भाड्याने द्यायला घ्यावा का? भाड्यातून हप्ता निघेल का?

नाही निघत. 35 लाखांवर 80 टक्के कर्ज धरलं तर 28 लाख. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 24,300 च्या आसपास बसतो. तिथे तशा फ्लॅटला 13,000 भाडं आलं तरी चांगलं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातून वेगळं.

माझा धाकटा भाऊ मात्र तुम्हाला छातीठोकपणे सांगेल की निघतो. त्याचाही फ्लॅट तिथेच, तोही पुण्यातच. कर्ज 15 लाख, हप्ता 13,000, भाडं 13,000. भाऊबीजेला सगळ्यांसमोर म्हणाला, "भाडेकरूच माझं घर फेडतोय." खिशातून घातलेले 20 लाख त्याच्या हिशोबात नाहीतच. आणि मीही नाही.

किल्ली माझ्याकडे, कुलमुखत्यारपत्र माझ्या नावावर. दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी, अंगठे, पोलीस पडताळणी मी करते. गेल्या उन्हाळ्यात अंबडच्या कंपनीतला भाडेकरू बदली होऊन गेला. फ्लॅट दोन महिने रिकामा, मेंटेनन्स चालूच. त्यात बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छताला झिरपलं. प्लंबर शोधणं, फरशी उखडून घेणं, खालच्यांची बोलणी ऐकणं, रंगारी, मग नव्या भाडेकरूसाठी एजंटला एक महिन्याचं भाडं. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सीचे, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून, महिना 500 लावत होती. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा 2001 चा शासन आदेश आहे. तो छापून सचिवांपुढे मी ठेवला, तेव्हा कुठे ते कमी झाले. याचा मला अभिमान आहे.

त्या भाऊबीजेला मी एवढंच विचारलं, "आणि माझं काय?" तर भाऊ म्हणाला, "ताई, तू तिथेच तर राहतेस, तुला काय लागतं?"

वर्षाला साधारण दोन महिन्यांचं भाडं रिकामं घर, दुरुस्ती आणि एजंटमध्ये जातंच, ते आधीच वजा करा. घरपट्टीही मालकाच्याच माथी. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्यावर कर्जाचं व्याज ठरतं) 4 टक्क्यांवरून वाढत गेला तेव्हा बऱ्याच जणांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत वाढली. भावाचीही वाढली. हे तो भाऊबीजेला बोलला नाही.

एजंट 2027 च्या सिंहस्थाचं नाव घेऊन भाव चढवून सांगतील. कुंभाला येणारा माणूस पाथर्डी फाट्याला अकरा महिन्यांचा करार करत नाही.

एवढं करून घ्यायचाच असेल, तर नाशिकमध्ये किल्ली कोणाकडे राहणार ते आधी ठरवा आणि त्या माणसाचे पैसे हिशोबात धरा. वर्षाला एक महिन्याचं भाडं तरी त्याच्या हातात द्या. बहीण असली तर आधी द्या. साडी देऊन ते फिटत नाही.

कर्ज न काढता घेत असाल तर गणित वेगळं, तेव्हा भाडं खरंच हातात उरतं. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटीही नाही. पण कर्ज काढलंत आणि प्राप्तिकराची नवी करप्रणाली घेतली असेल, तर भाड्यापेक्षा व्याज जास्त झाल्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुनीत वर्षाला 2 लाखांपर्यंत होतो.